‘फाइन, थँक यू’ आणि इतर लक्षणे

आपल्या प्रकृतीविषयीची माहिती मिळवणे, ती समजून घेणे आणि तिच्या आधारे शहाणपणाचा निर्णय घेणे, यांसाठी माणसाला जी कुवत लागते तिला आरोग्यसाक्षरता म्हणतात. आणि ही कुवत पणाला लागण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते, जेव्हा अंगात ताप असतो, चष्मा घरी राहिलेला असतो आणि पाठीमागून उघडा राहणारा एक कागदी झगा अंगावर चढवून माणूस उंच टेबलावर पाय लोंबकळत बसलेला असतो. १९७४ साली आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत प्रथम वापरली गेलेली ही संज्ञा पुढे अमेरिकेतील प्रौढ स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गांतही येऊन पोहोचली. ज्या देशात पाच वर्षांवरील अडीच कोटींहून अधिक लोक आपले इंग्रजी ‘फार चांगले’ या पायरीपर्यंत गेलेले नाही असे जनगणनेच्या कार्यालयाला प्रांजळपणे कळवतात, तेथे हे होणे क्रमप्राप्तच होते. हे वर्ग सार्वजनिक ग्रंथालयांत, कम्युनिटी कॉलेजांत आणि चर्चच्या तळघरांत बहुधा संध्याकाळी भरतात. दिवसभर हॉटेलच्या भटारखान्यात राबलेला ग्वातेमालाचा तरुण, आपल्या देशात गणित शिकवणारी युक्रेनची बाई आणि न्यू जर्सीतील एडिसनला मुलाकडे कायमचे राहायला आलेले साताऱ्याकडील मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, असे विद्यार्थी तेथे एका बाकावर बसून ‘माय हेड हर्ट्स’ हे वाक्य एका सुरात म्हणतात. त्या वेळी तिघांपैकी कोणाचेही डोके दुखत नसते. ते नंतर, घरचा अभ्यास करताना दुखू लागते.

या शिक्षणातील पहिली अडचण पहिल्याच धड्यात दडलेली आहे. इंग्रजीच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी ‘हाऊ आर यू?’ हा प्रश्न आणि ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ हे त्याचे उत्तर इतक्या वेळा घोटून घेतले जाते, की ते विद्यार्थ्याच्या जिभेवरून उतरून थेट मज्जारज्जूत जाऊन बसते. पुढे महिनाभर छातीत जळजळ होत असलेला तोच विद्यार्थी दवाखान्यात जातो, डॉक्टर दार उघडून आत येताच हसतमुखाने तोच प्रश्न विचारतात, आणि शिकवणीला जागून विद्यार्थी आपण उत्तम असल्याचे सांगून वर डॉक्टरांच्या प्रकृतीची चौकशी करतो. पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीतील सुरुवातीची काही मिनिटे अशा रीतीने दोन निरोगी माणसांच्या परस्पर विचारपुशीत जातात. अमेरिकी डॉक्टरांच्या तोंडी हा प्रश्न कधी केवळ नमस्कार असतो आणि कधी खराखुरा प्रश्न असतो, आणि या दोहोंतील फरक आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचा असतो. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात छापता येत नाही म्हणून शिकवलीही जात नाही.

भेटीच्या शेवटी याचीच दुसरी आवृत्ती निघते. डॉक्टर सारे सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारतात आणि रुग्ण ‘येस’ म्हणतो. ज्या संस्कृतींत वडीलधाऱ्या किंवा विद्वान माणसाला ‘समजले नाही’ असे तोंडावर सांगणे म्हणजे ‘तुम्हांला नीट सांगता आले नाही’ असा ठपका ठेवणे मानले जाते, तेथून आलेल्या माणसाकडे दुसरे उत्तरच नसते. आणि अशा संस्कृती जगात इतक्या आहेत, की अपवाद शोधणेच सोपे जावे. यावर तोड म्हणून ‘टीच-बॅक’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. तीत डॉक्टरांनी ‘समजले ना?’ असे न विचारता ‘आता घरी गेल्यावर ही गोळी तुम्ही कशी घेणार ते मला सांगा’ असे म्हणायचे असते, आणि रुग्णाला जे सांगता येत नाही ते आपण नीट समजावले नाही, असे मानून पुन्हा समजावायचे असते. पद्धत निःसंशय चांगली आहे. मात्र आयुष्यभर मुलांना उभे करून ‘सांग पाहू, मी आत्ता काय सांगितले?’ असे दरडावलेल्या मुख्याध्यापकांना हा प्रश्न परिचित वाटतो तो वेगळ्या कारणाने, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी आपल्याला बाकावर उभे केले जात आहे की काय, या शंकेने त्यांचा रक्तदाब त्या दिवशी थोडा जास्त भरतो.

वेदनेच्या प्रकरणात तर भाषा आणि शरीर यांची गाठच सुटता सुटत नाही. इंग्रजी वर्गात मानवी देहाचे चित्र भिंतीवर टांगून त्यावरील बाणांच्या टोकाशी अवयवांची नावे लिहून घेतात, आणि ती पाठ झाली की रुग्णाला आपले दुखणे सांगता येईल असे गृहीत धरतात. परंतु दुखणे नामांपेक्षा क्रियापदांत अधिक राहते. मराठी माणसाची दाढ ठणकते, गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात, पाठीत उसण भरते, पोटऱ्यांत गोळे येतात, कमरेतून चमक निघते, अंग मोडून येते आणि याखेरीज ‘जरा कसंतरीच होतंय’ या नावाचा एक स्वतंत्र विकार त्याला वरचेवर होत असतो, ज्याची नोंद अजून कोणत्याही वैद्यकीय कोशाने घेतलेली नाही. इंग्रजीही या बाबतीत दरिद्री नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रॉनल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत लावून दिलेली आहेत आणि रुग्णाने त्यांतून आपल्याला लागू पडणारी निवडायची असतात. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे त्यालादेखील ही निवड करताना दुखण्याचा घटकाभर विसर पडावा, हा या प्रश्नावलीचा अनुल्लेखित गुण होय.

वेळेची काटकसर म्हणून बहुतेक दवाखाने विशेषणांच्या वाटेला न जाता आकड्यांवर येतात, आणि शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही व दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत भयंकर वेदना, असे सांगून रुग्णाला दहापैकी गुण द्यायला लावतात. आकडा सर्व भाषांत सारखाच, अशी यामागील भाबडी समजूत आहे. ज्या मुख्याध्यापकांनी सबंध कारकिर्दीत कोणत्याही निबंधाला दहापैकी सहाच्या वर गुण दिले नाहीत, ते आपल्या गुडघ्याला एकाएकी नऊ कसे देतील? ते साडेपाच देतात, आणि ‘आणखी सुधारणेस वाव आहे’ हा शेरा मनातल्या मनात ठेवतात. चार बाळंतपणे घरी झालेली त्यांची पत्नी दहा हा आकडा त्या चारांसाठी राखून ठेवते आणि पित्ताशयाच्या खड्याला तीनावर भागवते. उलट कोणी प्रामाणिकपणे दहा म्हणाला, पण पाहुणा म्हणून चेहऱ्यावरचे हसू त्याने ढळू दिले नाही, तर त्याचे दहा कोणी खरे मानत नाही. आकडेही नकोत म्हणून १९८०च्या दशकात ओक्लाहोमातील टल्सा येथे डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. तीत पहिला चेहरा हसतो आणि शेवटचा रडतो. ती मुळात लहान मुलांसाठी होती; पुढे ती मोठ्यांसमोरही धरली जाऊ लागली. परक्या बाईसमोर रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवण्यास सातारा जिल्ह्यातील कोणता पुरुष धजेल, हा प्रश्न टल्सामध्ये कोणाला सुचला नाही, यात त्यांचा दोष नाही.

याहून अवघड प्रश्न वरकरणी सर्वांत सोपा असतो, तो जन्मतारखेचा. एका रुग्णाचे औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून अमेरिकी रुग्णालयांत प्रत्येक टप्प्यावर रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवून घेण्याचा दंडक आहे, आणि या दोन खुणा बहुधा नाव आणि जन्मतारीख याच असतात. स्वागतकक्षात, वजनकाट्यापाशी, रक्त काढताना आणि औषध हाती देताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यामुळे नवख्या माणसाची अशी खात्री पटते, की या लोकांचा आपल्यावर विश्वास नाही आणि कोठेतरी वेगळे उत्तर निघून आपण पकडले जावे, अशी त्यांची इच्छा आहे. गंमत अशी, की हा संशय अगदीच निराधार नसतो. निर्वासितांच्या छावण्यांतून आलेल्या असंख्य लोकांच्या कागदपत्रांवर नेमकी तारीख ठाऊक नसल्याने १ जानेवारी ही जन्मतारीख पडलेली असते. आणि महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा मोठा भाग, शाळेच्या दाखल्यांवर विश्वास ठेवायचा तर, १ जून या एकाच शुभदिनी जन्माला आलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडत असे, मुलाला सहा वर्षे पुरी झालेली दाखवणे भाग असे, आणि आई ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्या वर्षी पाऊस फार होता’ एवढेच सांगू शकत असे. तेव्हा मुख्याध्यापक टाक उचलून तारीख घालत. एडिसनच्या वर्गातील मुख्याध्यापकांनी अशा कित्येकांना जन्म दिला आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या मुख्याध्यापकांनी त्यांना. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, हे लक्षात न राहिल्यामुळे त्यांनी पहिल्या अर्जावर ०१/०६ असे लिहिले आणि दवाखान्याच्या संगणकाने त्यांचा जन्म ६ जानेवारीस झाल्याचे मानले. एका माणसाला पंचांगाचा, शाळेचा आणि विमा कंपनीचा असे तीन वाढदिवस मिळाल्यावर औषधाच्या खिडकीपाशी त्याने क्षणभर थबकणे याला विस्मरणाचे लक्षण मानू नये.

तापाच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थी वर्गात एकदाच पुढे असतो, तेही साहेबाच्या कृपेने. हवेचा उष्मा सेल्सियसमध्ये आणि अंगाचा ताप फॅरनहाइटमध्ये मोजण्याची भारतीय रीत जगाला विचित्र वाटली, तरी अमेरिकेत ती उपयोगी पडते. युक्रेनच्या बाईंना ३६.६ हे निरोगी माणसाचे तापमान म्हणून लहानपणापासून माहीत असते, आणि मुलीचा ताप ‘एकशे एक’ असल्याचे नर्सने सांगताच त्या जागच्या जागी बसतात. ‘एकशे एक म्हणजे काही फार नाही,’ असा दिलासा मुख्याध्यापक त्यांना तत्परतेने देतात. चमच्याच्या प्रश्नावर पुन्हा सारा वर्ग सारखाच अडखळतो, कारण इंग्रजी टीस्पून पाच मिलिलिटरचा आणि टेबलस्पून पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे बरोबर तिप्पट, आणि दोहोंच्या लघुरूपांत फरक एखाद्या अक्षराचा. मराठी स्वयंपाकघरात तर चमचा हे माप नसून अंदाज असतो. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१५ साली मुलांची पातळ औषधे फक्त मिलिलिटरमध्येच सांगावी असे सुचवले, तेव्हा जन्माने अमेरिकी असलेल्या मातांचीही फसगत होत होती, हे येथे नमूद केलेले बरे.

भाषेची अडचण घरातल्या घरात सोडवण्याचा उपाय म्हणून नातवंडांची नेमणूक दुभाषी म्हणून होते. आजी पाच मिनिटे बोलते. तीत कालची एकादशी येते, साबुदाण्याच्या खिचडीत सुनेने घातलेले जास्तीचे कूट येते, त्यानंतर पहाटे छातीत झालेली जळजळ, डाव्या हाताला आलेल्या मुंग्या आणि कोल्हापूरच्या जाऊबाईंना असेच होऊन त्या गेल्या तो प्रसंगही येतो. आणि दहा वर्षांचा नातू डॉक्टरांकडे वळून ‘शी एट टू मच’ असे भाषांतर करतो. डॉक्टरांचे उत्तरही तितकेच आटून परत येते: ‘आजी, ते म्हणतात गोळी घे.’ शिवाय जी गोष्ट आजीने पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्यापाशी काढली नाही, ती तिने नातवाकरवी परपुरुषाला सांगावी अशी ही व्यवस्था असल्याने, आजाराची कितीतरी प्रकरणे दुभाष्यापर्यंतही पोहोचत नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालरुग्णांच्या अवघ्या १३ भेटींच्या ध्वनिमुद्रणांत दुभाष्यांच्या ३९६ चुका आढळल्या, म्हणजे सरासरीने भेटीमागे तीसहून अधिक. आणि त्या दुभाष्यांत रुग्णाचे अकरा वर्षांचे एक भावंडही होते. पगारी दुभाषीही त्या हिशेबातून सुटले नव्हते, परंतु हाताला लागेल त्या माणसाला दुभाषी केल्यास प्रकृतीला अपाय करू शकणाऱ्या चुकांचे प्रमाण बरेच वाढते, असे त्यातून दिसले. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याचे कलम १५५७ आणि त्याखालील नियम यांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांवर दुभाषी म्हणून विसंबण्यास मनाई केली आहे. त्यामुळे टेलिफोनवरून दुभाषी बोलावला जातो. तो मिळतो, मराठीचा मिळतो, आणि आजी प्रथम त्याला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारते. त्याचे गाव तासगावजवळ निघाल्यास डॉक्टरांना पुढची काही मिनिटे छताकडे पाहत काढावी लागतात.

येथवर सारा दोष विद्यार्थ्याच्या इंग्रजीचा, असे वाचकाचे मत झाले असेल तर ते बदलण्याची वेळ आली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरील सूचना वाचायला दिल्या होत्या. हे सर्व रुग्ण इंग्रजी बोलणारे होते. ‘दिवसातून दोनदा दोन-दोन गोळ्या घ्याव्या’ अशा अर्थाची सूचना कमी साक्षरता असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बिनचूक सांगितली, परंतु ‘मग दिवसाला किती गोळ्या, त्या मोजून दाखवा’ असे म्हणताच बरोबर मोजणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. याआधी २००३ साली साऱ्या देशातील प्रौढांच्या साक्षरतेची जी सरकारी पाहणी झाली, तीत आरोग्याच्या बाबतीत खऱ्या अर्थाने प्रवीण म्हणावेत असे शंभरांत बारा निघाले आणि छत्तीस जण खालच्या दोन पायऱ्यांवरच राहिले. ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ या नावाने २००५ पासून प्रचलित असलेली एक चाचणी तर केवळ आइस्क्रीमच्या डब्यावरील पोषणाच्या तक्त्यावर आधारलेली आहे. सगळा डबा एकट्याने खाल्ला तर किती कॅलरी पोटात जातील, असे तीत विचारतात; एका वाढणीच्या २५० आणि डब्यात वाढण्या चार, तेव्हा उत्तर हजार. नंतर पेनिसिलिन, शेंगदाणे, लॅटेक्सचे हातमोजे आणि मधमाशीचा दंश या चारही गोष्टींची आपल्याला ॲलर्जी आहे असे समजायचे, आणि हे आइस्क्रीम खावे की नाही ते सांगायचे. आइस्क्रीममध्ये शेंगदाण्याचे तेल असल्याने उत्तर नकारार्थी येते. हातमोजे आणि मधमाश्या आइस्क्रीममध्ये काय करीत आहेत, असे विचारणाऱ्या मुख्याध्यापकांना मात्र गुण मिळत नाहीत.

वैद्यकाची, औषधविक्रीची आणि विम्याची मिळून जी भाषा तयार झाली आहे, ती इंग्रजी नसून इंग्रजी लिपीत लिहिली जाणारी एक स्वतंत्र बोली आहे; तिचे मूळचे भाषक फार थोडे आहेत आणि बाकी सारा देश तिच्यापुढे निर्वासितच आहे. फरक एवढाच, की स्थलांतरित माणूस आपल्याला ती येत नाही हे कबूल करून दोन संध्याकाळी वर्गाला जातो, आणि जन्माने इंग्रजी बोलणारा तिच्याकडे पाहून मान डोलावतो. सरकारी कागद लोकांना कळतील असे लिहावेत यासाठी २०१० साली अमेरिकी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. लोकांना माहिती सापडेल आणि समजेल अशी सोय करणे ही संस्थांचीही साक्षरता होय, ही व्याख्या राष्ट्रीय उद्दिष्टांच्या यादीत यायला मात्र २०२० साल उजाडले. तोवर नापास होण्याचा मान एकट्या रुग्णाचाच होता.

ऑस्ट्रेलियाचे डॉन नटबीम यांनी २००० साली आरोग्यसाक्षरतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीवर माणूस सूचना वाचतो, दुसरीवर डॉक्टरांशी संवाद साधून प्रश्न विचारतो आणि तिसरीवर, जिला चिकित्सक साक्षरता म्हणतात, तो मिळालेल्या माहितीची छाननी करून आपल्या आयुष्यावर अधिक ताबा मिळवतो. ही तिसरी पायरी अमेरिकेत विम्याच्या दारातून जाते. पासष्टी ओलांडलेल्या मुख्याध्यापकांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहिल्यानंतर मेडिकेअर या सरकारी विम्यात हप्ता भरून शिरता येते, आणि तेथे त्यांची गाठ पुन्हा बाराखडीशी पडते, कारण मेडिकेअरचे भागच ए, बी, सी आणि डी असे आहेत. ए रुग्णालयाचा, बी डॉक्टरांचा, डी औषधांचा, जो २००६ साली सुरू झाला, आणि सी म्हणजे ए आणि बी यांचे काम खासगी कंपनीकडे सोपवण्याची सोय, जीत बहुधा डी ही आपोआप येऊन बसतो. या अक्षरांचा फेरविचार करण्याची मुभा दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मिळते, आणि त्या दिवसांत मराठी घरांतून दिवाळीच्या फराळाइतकीच चर्चा बी आणि सी यांची होते. मग येतो डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने खिशात हात घालण्यापूर्वी रुग्णाने वर्षभरात स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. त्यामागून को-पे, म्हणजे विमा असूनही प्रत्येक भेटीला द्यायची ठरावीक रक्कम. विमा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न येथे प्रत्येक नवागताला पडतो.

या वाङ्मयाचा मुकुटमणी म्हणजे दवाखान्यातील भेटीनंतर काही आठवड्यांनी टपालाने येणारे विवरणपत्र. त्यावर रुग्णालयाने किती आकारले, विमा कंपनीने किती मान्य केले, किती दिले आणि रुग्णाच्या वाट्याला किती येऊ शकतात, हे रकाने बिलाप्रमाणेच आखलेले असतात, शेवटी बिलाप्रमाणेच एक आकडा ठळक छापलेला असतो, आणि माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘हे बिल नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते. सबंध पत्रातील एवढे एकच वाक्य विद्यार्थ्याला पहिल्या महिन्याच्या इंग्रजीवर कळते, आणि नेमका त्यावरच त्याचा विश्वास बसत नाही. ग्वातेमालाचा तरुण म्हणतो, आकडा आहे तर भरलेला बरा. युक्रेनच्या बाई रकान्यांची बेरीज करून पाहतात आणि ती जुळत नाही असे सांगतात. मुख्याध्यापकांचे मत असे, की बिल नसेल तर पाठवलेच कशाला, तेव्हा धाग्यात ओवून ठेवावे. अशा वेळी शिक्षिका आपल्या पिशवीतून स्वतःच्या घरी आलेले तसेच एक पाकीट काढून टेबलावर ठेवते, सारा वर्ग तिच्याभोवती गोळा होतो, आणि साडेआठ वाजेपर्यंत त्यातील तिसऱ्या रकान्यावर चर्चा चालते. उलगडा न झाल्याने तो पुढील तासाला घ्यायचे ठरते. परंतु पुढील तासाला अभ्यासक्रमाप्रमाणे भूतकाळ सुरू होतो.